स्लाइडमधला काळोख: फिल्म स्कॅनर पारखताना काय बघायचं

ठाण्यात नौपाड्याकडच्या जुन्या इमारती पुनर्विकासाला गेल्या की सामान बांधताना माळ्यावरून दोन गोष्टी हमखास खाली येतात. एक, आजीची तांब्या-पितळेची भांडी. दुसरी, फोटोंचे डबे. भांड्यांवरून घरात निदान वाद तरी होतो. डब्यातल्या निगेटिव्ह आणि स्लाइड मात्र 'नंतर बघू' म्हणून भाड्याच्या घरात जातात आणि तिथल्या पावसाळ्यात आणखी थोड्या खराब होतात. मग कुणीतरी मनावर घेतं, ऑनलाइन फिल्म स्कॅनर शोधायला बसतं आणि समोर आकड्यांची जत्रा भरते. २२ मेगापिक्सेल. ६४०० डीपीआय. ७२०० डीपीआय. साहजिकच वाटतं, मोठा आकडा तोच चांगला.

माझं मत आधीच सांगून टाकतो. घरगुती संग्रहासाठी यंत्र निवडताना डीपीआयचा नंबर तिसरा लागतो. त्याआधी दोन प्रश्न येतात. स्लाइडमधल्या काळोखात हे यंत्र किती खोलवर बघू शकतं? आणि फिल्मवरची धूळ, ओरखडे त्याला चित्रापासून वेगळे ओळखता येतात का? यातल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर खोक्यावर छापलेलं असतं आणि त्यावर विश्वास ठेवायचा नसतो.

आधी डब्यात काय आहे ते बघू. जिच्यावरून कागदावर प्रिंट काढायचो ती पट्टी म्हणजे निगेटिव्ह. तिच्यात उजेड-अंधार उलटे असतात, आणि रंगीत असेल तर सगळ्यावर नारिंगी झाक. स्लाइड म्हणजे पुठ्ठ्याच्या किंवा प्लास्टिकच्या ५ सेंटिमीटर चौकटीत बसवलेली एकेक सुटी फ्रेम. उजेडासमोर धरली की खऱ्या रंगातलं चित्र दिसतं. आपण ज्याला ३५ एमएमचा रोल म्हणायचो, त्यात चित्राचा आकार ३६ बाय २४ मिलिमीटर. त्याहून जुन्या डब्यांत मोठ्या चौकोनी निगेटिव्ह निघतात, आगफा क्लिक थ्रीसारख्या कॅमेऱ्यातल्या, १२० च्या रोलवरच्या. त्या साधारण ५६ मिलिमीटर चौरस असतात. कृष्णधवल निगेटिव्ह सापडल्या तर त्या वेगळ्या पाकिटात काढून ठेवा. त्या कोडॅकच्या असोत, ओर्वोच्या असोत की उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सच्या 'इंदू' रोलवरच्या असोत, त्यांची गोष्ट निराळी आहे.

आता डीपीआय. यंत्र एका इंचात किती ठिपके मोजतं, तो हा आकडा. ३६ मिलिमीटर म्हणजे सुमारे १.४२ इंच. ४००० डीपीआयने स्कॅन केलं तर लांबीला ५६६९ आणि रुंदीला ३७८० पिक्सेल मिळतात, म्हणजे २१ मेगापिक्सेलच्या वर. ७२०० ला हाच हिशोब ६९ मेगापिक्सेलवर जातो. रंगाच्या प्रत्येक थराला १६ बिट धरले तर पहिली फाइल सुमारे १२९ एमबीची होते आणि दुसरी ४१६ एमबीची. मोठी फाइल हातात आली म्हणजे जास्त चित्र हातात आलं असं वाटतं. पण ठिपके मोजणं वेगळं आणि तपशील दिसणं वेगळं. चष्म्याचा नंबर चुकलेल्या माणसाला अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची पट्टी दिली म्हणून त्याचं माप बारीक होत नाही. स्कॅनरची नजर म्हणजे त्याची लेन्स, त्याचा फोकस आणि सेन्सर पुढे सरकवणारी मोटर. यातलं काहीही ढिलं असलं तर वरचे हजारो ठिपके तोच धूसरपणा पुन्हा पुन्हा मोजत बसतात.

खरा आकडा काढायला एक ठरलेला नमुना आहे, अमेरिकी हवाई दलाचा १९५१ सालचा चार्ट. त्यात तीन-तीन रेघांचे गट असतात, आडवे आणि उभे, लहान लहान होत जाणारे. चार्ट स्कॅन करायचा आणि कुठल्या गटापर्यंत तीन रेघा सुट्या दिसतात ते बघायचं. त्या गटात एका मिलिमीटरमध्ये रेघांच्या किती जोड्या आहेत ते तक्त्यावरून कळतं. त्या संख्येला ५०.८ ने गुणलं की यंत्राचा खरा डीपीआय निघतो. एका इंचात २५.४ मिलिमीटर आणि एका जोडीला किमान दोन ठिपके लागतात, म्हणून ५०.८. सहाव्या गटाची पहिली पायरी ६४ जोड्यांची आहे. ती सुटी दिसली तर यंत्र सुमारे ३२५० डीपीआयचं. ७२०० चा दावा खरा ठरायला १४० च्या वर जोड्या सुट्या दिसाव्या लागतील.

अशा स्वतंत्र चाचण्यांत चित्र फार बदलतं. एप्सन परफेक्शन व्ही६०० या सपाट काचेच्या स्कॅनरवर ६४०० लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात हाती लागतात साधारण १५०० ते १६००. फक्त ३५ एमएमसाठी बनवलेल्या प्लसटेक ऑप्टिकफिल्म ८२००आय वर ७२०० लिहिलेलं असतं, त्याचा खरा आकडा साडेतीन हजारांच्या आसपास घुटमळतो. निकॉनच्या जुन्या कूलस्कॅन ५००० वर मात्र ४००० च लिहिलेलं होतं आणि ते जवळजवळ पूर्ण वसूल व्हायचं. सगळ्यात लहान आकडा छापणारं यंत्र सगळ्यात जास्त दाखवतं, हे या धंद्यातलं विचित्र सत्य आहे.

चार्ट विकत घ्यायला नको असेल तर आपलीच एक चांगली, तिपाईवरून काढलेली स्लाइड घ्या. मासुंदा तलावाच्या काठावरून गडकरी रंगायतनचं चित्र काढलेलं असेल तर फारच उत्तम, कारण इमारतीच्या सरळ कडा आणि पाटीवरची अक्षरं बघायला सोपी पडतात. ती एकदा ३६०० ला आणि एकदा ७२०० ला स्कॅन करा. लहान फाइल संगणकावर ताणून मोठीच्या मापाची करा आणि दोन्ही शेजारी ठेवा. मोठीत एकही अक्षर जास्त वाचता आलं नाही, तर वरचे सगळे ठिपके रिकामे होते. त्या यंत्रावर पुढचं सगळं काम ३६०० ला करा, डिस्कचीही बचत आणि वेळेचीही.

आणि मुळात लागतात किती? फूजीची वेल्व्हिया ५० ही फार बारीक तपशील धरणारी स्लाइड फिल्म. निर्मात्याच्याच पत्रकाप्रमाणे तीव्र काळ्या-पांढऱ्या रेघा असतील तर ती मिलिमीटरला रेघांच्या १६० जोड्या धरते, पण फिकट फरकाच्या रेघा असतील तर ८०. निसर्गात दुसराच प्रकार जास्त. ८० ला ५०.८ ने गुणा, चार हजार येतात. तेही उत्तम लेन्स, तिपाई आणि अचूक फोकस असेल तर. मामाच्या लग्नात साध्या कॅमेऱ्याने, हातात धरून काढलेल्या निगेटिव्हमध्ये याच्या निम्माही तपशील नसतो. १२ बाय १८ इंचांचा प्रिंट ३०० डीपीआयने काढायचा तर फिल्मवरून सुमारे ३८०० लागतात, ८ बाय १२ ला साधारण २५५०, आणि फोरके टीव्हीवर पूर्ण रुंद दाखवायला २७००. म्हणजे खरे तीन-साडेतीन हजार देणारं यंत्र बहुतेक घरांना पुरून उरतं.

आता खरा कस लागतो तिथे येऊ. नाणेघाटातल्या गुहेत उभं राहून बाहेरच्या उजेडाकडे तोंड करून काढलेली एखादी स्लाइड डोळ्यांसमोर आणा. ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडच्या ज्या मंडळींनी १९८०च्या दशकात सह्याद्री पायाखाली घातला, त्यांच्या डब्यात अशी एखादी असतेच. बाहेर लख्ख ऊन, आत भिंतीवर सातवाहन काळातली ब्राह्मी अक्षरं, आणि ती जवळजवळ काळी. प्रोजेक्टरच्या झगझगीत दिव्यात ती अक्षरं पडद्यावर दिसायची. स्वस्त यंत्रावर स्कॅन केल्यावर तिथे सपाट काळा पट्टा येतो, आणि जबरदस्तीने उजळवला तर त्यातून जांभळट-हिरवट कचकच वर येते.

कारण सोपं आहे. फिल्म किती प्रकाश अडवते, त्याला घनता म्हणतात. घनता १ म्हणजे दहातला एक भाग प्रकाश पलीकडे जातो, २ म्हणजे शंभरातला एक, ३ म्हणजे हजारातला एक. ३.६ म्हणजे चार हजारातला एक. स्लाइडचे सगळ्यात गडद भाग या पट्ट्यात येतात. निगेटिव्ह एवढी दाट क्वचितच होते, म्हणून निगेटिव्हवर चांगला वाटणारा स्कॅनर स्लाइडवर तोंडघशी पडतो. इतक्या कमी उजेडात सेन्सरचा स्वतःचा विजेचा गोंगाटच चित्राएवढा मोठा होतो.

जाहिरातीत यासाठी 'डी-मॅक्स' किंवा 'डायनॅमिक रेंज' असा आकडा देतात. निकॉनने कूलस्कॅन ५००० साठी ४.८ दिला होता आणि त्याच्या धाकट्या भावासाठी, कूलस्कॅन व्ही साठी, ४.२. हे आकडे आले कुठून? १६ बिटांत ६५,५३६ पायऱ्या मावतात, आणि या संख्येचा लॉग, म्हणजे ती दहाचा कितवा घात आहे ते, काढला की ४.८ येतो. १४ बिटांत १६,३८४ पायऱ्या, लॉग ४.२. म्हणजे हे काळोखाचं मोजमाप नाहीच, बिटांची गणितं आहेत. कूलस्कॅन उत्तम यंत्रं होती, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण १६ बिट तर हल्लीच्या साध्या यंत्रावरही लिहिलेले असतात, आणि म्हणून या आकड्यावरून काही ठरवता येत नाही.

त्याऐवजी ही चाचणी करा. आपली सगळ्यात काळी स्लाइड दोनदा स्कॅन करा, काहीही न बदलता. दोन्ही फाइल उघडा, गुहेच्या भिंतीचा तोच तुकडा सारखाच उजळवा आणि शंभर टक्के मापावर आलटून पालटून बघा. दोन्हींत ठिपके त्याच जागी असतील तर तो फिल्मचा रवा आहे, म्हणजे चित्र ज्यांचं बनतं ते बारीक कण, चित्राचाच भाग. ठिपके जागा बदलत असतील तर तो यंत्राचा गोंगाट. रवा दिसेपर्यंत यंत्र पोहोचलं, म्हणजे फिल्ममधलं जे काही होतं ते त्याने वाचलं. त्यापुढे कुठलंही महागडं यंत्र नवं काही काढून देणार नाही. फुकटात होणारी ही परीक्षा मला चार्टपेक्षा जास्त विश्वासाची वाटते. काही यंत्रांत एकच फ्रेम दोन वेगळ्या उजेडांना वाचून जोडायची सोय असते. ती सुरू करून गोंगाट कमी होतो का बघा, मात्र दोन वाचनं एकमेकांवर तंतोतंत बसली नाहीत तर कडा मऊ होतात, तेही तपासा.

त्याच स्लाइडवर आणखी एक गोष्ट दिसते. गुहेचं तोंड जिथे उजेडाला भिडतं, तिथे काळ्या भागात धुरासारखा उजेड पसरलाय का? पसरला असेल तर आतल्या आरशावर किंवा लेन्सवर धूळ वा धुरकटपणा चढलाय. सेकंडहँड यंत्रात हे फार सापडतं, आणि खाडीकाठच्या हवेत राहिलेल्या यंत्रात तर विचारायलाच नको.

निगेटिव्हच्या बाबतीत काळोखाऐवजी नारिंगी झाक डोकं खाते. ती मुद्दाम घातलेली असते. फिल्ममधली रंगद्रव्यं शुद्ध नसतात, आपल्या वाटणीचा नसलेला प्रकाशही थोडा गिळतात, आणि त्याची भरपाई ही झाक करते. उलटवताना ती प्रत्येक रंगाच्या थरातून वेगळी वजा करावी लागते. हे काम यंत्रापेक्षा सॉफ्टवेअरचं. तेव्हा यंत्र पारखताना निगेटिव्हचे रंग पहिल्याच फटक्यात जमले नाहीत म्हणून यंत्राला दोष देऊ नका.

धुळीकडे वळू. अवरक्त म्हणजे इन्फ्रारेड किरणांना रंगीत फिल्ममधली रंगद्रव्यं जवळजवळ पारदर्शक असतात, धूळ आणि ओरखडे मात्र नाहीत. म्हणून चांगला स्कॅनर प्रत्येक फ्रेम एकदा रंगात आणि एकदा अवरक्त उजेडात वाचतो. दुसऱ्या वाचनात चित्र नसतंच, असतो फक्त कचऱ्याचा नकाशा. तो धरून सॉफ्टवेअर बरोबर तेवढ्याच जागा भरून काढतं. डिजिटल आइस हे या तंत्राचं गाजलेलं नाव. प्लसटेकच्या ८१०० आणि ८२००आय या जुळ्या भावांत मुख्य फरक या अवरक्त वाचनाचा आहे, आणि जास्तीचे पैसे इथे खर्च करावेत असं मी ठामपणे सांगेन. शेकडो फ्रेमवरचे ठिपके माउसने एकेक करून पुसायला बसलं की पैसे का वाचवले असं होतं.

पण कृष्णधवल निगेटिव्हमध्ये चित्रच चांदीच्या कणांचं असतं आणि चांदी अवरक्त किरण अडवते. यंत्राला मग सगळं चित्रच कचरा वाटतं. म्हणून ते पाकीट वेगळं ठेवायचं आणि ही सोय तिथे बंद करायची. इलफर्डच्या एक्सपी२ सारखे काही कृष्णधवल रोल रंगीत पद्धतीने धुतले जातात, त्यांना ही सोय चालते. कोडाक्रोमच्या स्लाइडही अवरक्त किरणांना पूर्ण आरपार जाऊ देत नाहीत, तिथे बारीक कडा खाल्ल्या जातात का ते डोळ्यांत तेल घालून बघा. कोडाक्रोम १९३५ ची, २००९ साली बंद झाली, आणि अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या शेवटच्या लॅबने २०१० अखेर ती धुवायला घेणंही थांबवलं.

बुरशी हा आपल्याकडचा वेगळाच ताप. हवेतला दमटपणा बराच काळ ६० टक्क्यांच्या वर राहिला की ती धरते, आणि ठाण्यात जून ते सप्टेंबर त्याहून खाली तो येतो कधी? बुरशी फिल्मवरचा जिलेटिनचा थर खाते. वरवरची असेल तर अवरक्त वाचन ती बऱ्यापैकी झाकतं. थर खाल्ला गेला असेल तर तिथे चित्रच उरलेलं नसतं. पाण्याने पुसायचा मोह मात्र आवरा. बुरशी लागलेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं, चित्रासकट. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर तो फिल्मच्या आधारपट्टीचा क्षय आहे आणि तो थांबत नाही. असा डबा बाकीच्यांपासून दूर ठेवून सगळ्यात आधी स्कॅन करा. काचेच्या माउंटमधल्या स्लाइडवर इंद्रधनुषी वलयं येतात, म्हणून त्या काचेतून काढून घेतलेल्या बऱ्या.

दमट हवेत वाकलेली पट्टी स्कॅनरच्या फोकसचीही परीक्षा घेते. चार कोपरे आणि मध्य, पाचही जागी रवा सारखाच टोकदार दिसतो का, एवढं बघायचं. प्लसटेकचा फोकस कायमचा बसवलेला असतो, त्यामुळे पट्टी सपाट धरायची सगळी भिस्त होल्डरवर. कूलस्कॅनला ऑटोफोकस होता, पण फोकसची खोली फार उथळ; मध्य टोकदार आणि कोपरे मऊ, असं तिथेही व्हायचं.

यंत्रांचे प्रकार आता पटकन बघता येतील. ऑनलाइन मिळणारा, आत छोटा कॅमेरा बसवलेला डबा २२ मेगापिक्सेल म्हणतो, पण त्यातले बरेचसे संगणकाने मधे भरलेले असतात, आणि हातात फक्त जेपीजी, म्हणजे दाबून लहान केलेली फाइल, येते. निगेटिव्हमध्ये काय आहे ते पटकन चाळायला ठीक, कायमच्या जतनाला नाही. सपाट काचेचा स्कॅनर ३५ एमएमला तोकडा, पण क्लिक थ्रीच्या मोठ्या चौकोनी निगेटिव्हना पुरेसा. खरे १५५० डीपीआय धरले तरी त्यातून ३४०० पिक्सेल चौरस चित्र निघतं, आणि त्या कॅमेऱ्याच्या साध्या लेन्सने तेवढाच तपशील टिपलेला असतो. जुने कूलस्कॅन दर्जाला आजही वरचढ, पण कधीच बंद झालेले. दुरुस्ती करणारा सापडणं कठीण, आणि काही मॉडेलना फायरवायरची जोडणी लागते जी नव्या संगणकावर नसते. हातात २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स असेल, तर चांगल्या प्रकाशफलकावर फिल्म ठेवून फोटो काढता येतो. ६००० पिक्सेल ३६ मिलिमीटरवर पसरले की सुमारे ४२०० डीपीआय होतात, आणि एका फ्रेमला काही सेकंद लागतात. अवरक्त सफाई मात्र तिथे नाही.

वेळेचा हिशोब खरेदीच्या आधीच मांडा. एका फ्रेमला अवरक्त वाचनासकट चार मिनिटं धरली तर ३६ फ्रेमच्या एका रोलला जवळजवळ अडीच तास, आणि हजार फ्रेमना सुमारे ६७ तास. त्यात दर वेळी होल्डर हाताने सरकवायचा. कूलस्कॅन ५००० ला एसएफ-२१० हा फीडर जोडला की ५० स्लाइड एकदम लावता येतात, म्हणूनच जुन्या बाजारात त्या फीडरला इतका भाव. पुठ्ठ्याचे माउंट मऊ पडले असतील तर तो अडकतो, विकणाऱ्यासमोर आपल्याच दहा-बारा स्लाइड घालून बघा.

चाचणी घेताना शार्पनिंग, आपोआप रंगदुरुस्ती, गोंगाट कमी करणं, सगळं बंद करा. नाहीतर यंत्राऐवजी सॉफ्टवेअरची परीक्षा होते. व्ह्यूस्कॅन आणि सिल्व्हरफास्ट या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये लाल, हिरवा, निळा आणि अवरक्त असे चारही थर १६-१६ बिटांत कच्चे साठवता येतात, त्याला ६४ बिटची फाइल म्हणतात. फिल्म एकदाच हाताळायची, रंग आणि सफाई पुढे कधीही निवांत करायची, हा त्याचा फायदा. माउंटवर पेनाने गडाचं नाव, तारीख असं काही लिहिलेलं असेल तर त्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि फाइलच्या नावात ते घाला.

डबा एकच असेल तर यंत्र विकत घेऊच नका. एखाद्या लॅबकडे द्या, पण सगळा डबा एकदम नको. आधी तीन नमुने न्या: सगळ्यात काळी स्लाइड, एक वाकलेली रंगीत पट्टी, एक कृष्णधवल निगेटिव्ह. यंत्र कुठलं, अवरक्त सफाई कृष्णधवलला बंद करता का, १६ बिटची टिफ, म्हणजे काही न गाळलेली फाइल, मिळेल का, एवढंच विचारा. 'जेपीजी देतो ना काका, एकदम एचडी' असं उत्तर आलं, तर तिन्ही नमुने मोजून परत घ्या आणि पुढचं दुकान गाठा.